तिचं आम्ही घरचे बघू

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बेबी म्हणत, आणि पन्नाशीला टेकली तरी ती बेबीच राहिली. लहानपणीच्या तापात पायांतली शक्ती गेली, तेव्हापासून चाकाची खुर्ची. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर ती नवव्या मजल्यावर राहायची आणि वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी करायची. लिफ्ट चालू असली की एकटीच खाली जाऊन चक्कर मारून यायची.

त्या दुपारी एका आडव्या शब्दापाशी ती अडली होती, एवढ्यात दिवे गेले आणि पाठोपाठ इमारतीचा भोंगा वाजू लागला.

वहिनी हात पुसत बाहेर आली. "ह्यांनी पुन्हा तालीम ठेवली की काय?"

दादा इमारतीच्या सुरक्षा समितीचा प्रमुख होता. आग लागली, जमीन हादरली तर कोणी कुठून उतरायचं आणि कुठे जमायचं, हे सगळं त्यानंच आखलेलं. तालमीच्या दिवशी सगळी इमारत जिन्यानं उतरायची, अगदी म्हातारी माणसंही कठडा धरून. बेबी तेवढी वर. "तिला कशाला त्रास? तिचं आम्ही घरचे बघू," असं दादा समितीला सांगायचा. त्यात मायाच होती. बेबी बाल्कनीतून सगळ्यांना हात करायची.

वहिनीनं दार उघडलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरात शिरला. समोरची शेजारीण मुलाला काखोटीला मारून निघाली होती. "मीटररूम पेटलीय! चला, उतरा लवकर!" एवढं म्हणताना तिची नजर बेबीच्या खुर्चीवर गेली. तिचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग ती जिना उतरून गेली.

लिफ्ट बंद पडली होती. बेबीचा फोन वाजला. दादा खाली फाटकाजवळ होता.

"बेबी, ताबडतोब खाली या दोघी!"

"कशी?"

पलीकडून नुसता गलका ऐकू आला.

"दादा, कशी येऊ ते सांग."

"तू... तू वहिनीला फोन दे."

वहिनीनं ऐकलं, फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि बेबीच्या पुढ्यात पाठ करून बसली. "धरा गळ्याला, बेबीताई. घट्ट."

वहिनी साठीला आलेली, त्यात गुडघ्यांनी पिडलेली. पहिल्या चार पायऱ्या ती भिंतीला खांदा लावून उतरली. बेबीचे पाय मागे लोंबत होते, पायरीपायरीला आपटत होते. मधल्या वळणावर पोचल्या तर खालून काळा, दाट धूर वर येत होता. वहिनीला खोकल्याची उबळ आली आणि ती गुडघ्यांवर बसली. बेबी तिच्या पाठीवरून घसरून फरशीवर पडली.

"परत," बेबी म्हणाली. "वर. दार लावून घेऊ."

"मला नाही उचलता यायचं आता."

"उचलू नकोस. माझे पाय धर फक्त."

चाकं ढकलून ढकलून बेबीचे दंड पोलादासारखे झाले होते. ती उलटी बसली, मागच्या पायरीवर दोन्ही तळवे रोवले आणि अंग वर खेचलं. मग पुढची पायरी. वहिनी खालून तिचे पाय उचलून देत होती. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उंबऱ्याशी पोचल्यावर वहिनीनं तिला बगलेत धरून आत ओढलं आणि दार लोटलं.

टॉवेल, चादरी, पडदे, जे हाताला लागलं ते वहिनीनं भिजवलं आणि दाराच्या फटीत कोंबलं. तरी न्हाणीघराच्या झडपेतून धूर आत येतच होता. तेही दार लावलं, बेबी हातांच्या जोरावर खुर्चीत चढली आणि दोघी बाल्कनीत आल्या. वहिनीनं खुर्ची जाळीला टेकवली.

चोरांच्या भीतीनं दादानं बाल्कनी वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळीनं बंद करून घेतली होती. हात बाहेर जाई, डोकं जात नसे. गजांमध्ये तोंड घालून दोघी श्वास घेत होत्या. खाली माणसांचा पुंजका दिसत होता. त्यातला एकजण सारखा हात हलवत होता. तो दादा असणार.

"तू एकटी असतीस तर मघाशीच पोचली असतीस," बेबी म्हणाली.

"गप्प बस तू!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनी तिला अहो-जाहो करत आली होती. 'तू' आज पहिल्यांदा निघालं. दोघींच्याही ते लक्षात आलं.

थोड्या वेळानं वहिनी गजांकडे बघतच म्हणाली, "शेजारीण उतरली ना, तेव्हा माझा एक पाय दाराबाहेर होता."

"बघितला मी."

"घेतला मी परत."

"तेही बघितलं."

मागे बैठकीची खोली दिसेनाशी होत चालली होती. दोघींच्या मध्ये एकच ओला नॅपकिन होता. तो त्या आळीपाळीनं तोंडावर धरत होत्या आणि आपली पाळी लवकर संपल्याचं दाखवत होत्या.

अग्निशमन दलाची शिडी वर येताना दिसली तेव्हा बेबीनं गज इतके आवळले की बोटं पांढरी पडली. शिडीच्या टोकावरचा जवान जाळीच्या हातभर अंतरावर आला.

"जाळीला दार कुठंय? किल्ली द्या!"

"दारच नाही तर किल्ली कसली!" वहिनी ओरडली.

जवानानं खाली काहीतरी सांगितलं. कटर वर यायला वेळ लागला. तोवर माणूस समोर होता, वारा होता, मोकळं आकाश होतं, आणि त्या दोघी गजांआड. जवान बोलत राहिला. नाव विचारलं, मुलंबाळं विचारली. बेबीला वाटलं, आपण मरणार असू म्हणूनच हा इतकं गोड बोलतोय.

कटर चालला, ठिणग्या उडाल्या. दोन गज तुटले तेवढ्यात मागे घराचं दार धाडकन उघडलं. मुखवटे घातलेले चार जवान जिन्यानं वर आले होते. खाली आग विझली होती. त्यांनी बेबीला चादरीत घेतलं आणि काजळलेल्या जिन्यानं खाली नेलं. वहिनी मागून चादरीचं एक टोक धरून चालत होती. तशी त्याची गरज नव्हती.

दादा खाली उभा होता. त्यानं वाकून बेबीचे सोललेले पाय सरळ केले.

"तळमजल्यावर घर बघतो," तो म्हणाला.

"आणि पुराचं पाणी शिरलं म्हणजे? तेव्हा मला वर न्यायचं. कशी, ते मी पुन्हा विचारेन."



पुढे समितीनं जिन्यावरून माणूस उतरवायची पट्ट्यांची खुर्ची आणली. ती वापरायला शिकवायला शिडीवरचा तोच जवान आला. नवव्या मजल्यावर सगळे जमले, तेव्हा वहिनी पुढे झाली. "आधी मी बसते."

तिला छातीला, कमरेला, पायांना पट्टे बांधले. हात पट्ट्यांच्या आत. वरची बाजू दादानं धरली, खालची शेजारणीच्या नवऱ्यानं. पहिल्याच पायरीला खुर्ची पुढे कलली आणि वहिनी किंचाळली, "सोडा! सोडा मला!"

दादाचा हात पट्ट्याकडे गेला.

"सोडायचं नाही," जवान म्हणाला. "खाली पोचेपर्यंत काही झालं तरी सोडायचं नाही."

बेबी दारात बसून बघत होती. "वहिनी, जिना बघू नकोस. दादाकडे बघ," ती म्हणाली.

वहिनीनं मान वर केली. दादाला दरदरून घाम फुटला होता. खुर्ची एकेक पायरी करत वळणाआड गेली. मग नुसते आवाज येत राहिले: चाकांचे, दादाच्या धापेचे, "जरा हळू, हाडं मोडाल माझी!" असे वहिनीचे.

बऱ्याच वेळानं सगळे चालत वर आले. वहिनी पायरीवर टेकली, पाणी प्यायली. "छातीचा पट्टा फार आवळतो," ती जवानाला म्हणाली. "आणि मानेला आधार नाही. हिला तिथे उशी लागेल."

मग ती उठली आणि घरातून उशी घेऊन आली. दादानं ओले तळवे शर्टाला पुसले आणि खुर्ची बेबीसमोर लावली.