हात न फिरवता

सिस्टरनं चादर गुडघ्यापर्यंत वर केली, तसे पलंगाशेजारी बसलेले पॉलिशवाले काका खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. समोरच्या इमारतीची भिंत, भिंतीवरून उतरलेला पाइप आणि पाइपावर बसलेलं एक कबूतर. पण घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

"काका, इकडे या. बघा जरा."

"तुम्हीच बघा. मला जवळचं धड दिसत नाही आता."

ही शुद्ध थाप होती. कपाटाच्या फळीवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो त्यांना दारातून दिसायचा. आणि बायकोच्या उजव्या टाचेवरचा तो डाग तर डोळे मिटले तरी दिसत होता.

सिस्टरनं पोटरीखाली हात घालून पाय अलगद उचलला, डागावर अंगठा दाबून धरला आणि सोडला. "चांगली कातडी असली ना काका, की दाबल्यावर पांढरी पडते आणि मग पुन्हा रंग भरतो. म्हणजे आत रक्त फिरतंय. हे पांढरंच पडत नाहीये. लालाचं जांभळं व्हायला लागलंय."

"म्हणजे काय समजायचं?"

"आतून दुखावलंय. वरून अजून शाबूत आहे, ही देवाची कृपा. फुटलं तर भरायला महिने लागतात. कधीकधी तर..." ती थांबली आणि हातमोजे काढू लागली.

पुढचं पॉलिशवाल्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. या वृद्धाश्रमात ते रोज सकाळी यायचे आणि दिवे लागेपर्यंत बसायचे. डोळ्यांसमोर घडलेलं होतं सगळं. दाराजवळच्या पलंगावर एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्यांचंही टाचेपासूनच सुरू झालं. आधी डाग, मग फोड, मग पट्टी, मग फिनेललाही न दबणारा तो वास. एका सकाळी बाईंना स्ट्रेचरवरून मोठ्या इस्पितळात नेलं. दुपारी गादी उन्हात पडली, संध्याकाळी पलंगावर कोरी चादर आली. त्यानंतर बाईंचं नाव कुणी काढलं नाही.

"मला कळत नाही, चुकतंय कुठे," सिस्टर म्हणाली. "कूस वेळच्या वेळी बदलतोय. हवेची गादी आहे. चादरीला सुरकुती राहू देत नाही, ओलं राहू देत नाही. मावशी, पोटरीखाली उशी असते ना? टाच अधांतरी राहायला हवी."

मावशी म्हणजे या खोलीची आया. बादली खाली ठेवून ती म्हणाली, "मी ठेवते हो. काकूच लाथाडतात. डावं अंग गेलं, पण उजव्या पायात अजून काय जोर आहे! उशीशी काय वैर आहे, देव जाणे."

पॉलिशवाल्यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात तेलाची छोटी बाटली होती. त्यांनी हात तसाच खाली आणला.

आता या माणसाचं सगळं आयुष्य सांगायचं तर फार वेळ लागायचा नाही. जन्मभर त्यांनी लाकूड घोटलं. लग्नाची कपाटं, कचेऱ्यांची टेबलं, जिन्यांचे कठडे, एकदा तर एका श्रीमंत घरची वाद्यांची पेटी. डाग दिसला की घोटायचा. नाही गेला तर आणखी घोटायचा. एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं आणि त्यावर संसार झाला, मुलीचं लग्न झालं. तळहात मात्र असे झाले होते की भिंतीवरून फिरवले तर चुना उतरावा. मुलगी झाली तेव्हा बायको त्यांच्या हातांवर मऊ टॉवेल गुंडाळायची आणि मगच बाळ त्यांच्या ओंजळीत द्यायची. म्हणायची, "हात आहेत की पॉलिशपेपर? पोर सोलून निघेल माझी." आणि स्वतः मात्र रात्री पाय दुखले की तेच हात मागायची.

मग तिच्या मेंदूतली एक नस फुटली. जीव वाचला, पण बोलणं गेलं, डावी बाजू गेली. मुलीनं आईला घरी ठेवून उचललं, पुसलं, भरवलं. शेवटी मुलीचीच पाठ धरली. तेव्हा कुठे रडतरडत इथे आणली. तिला माणसं ओळखू येतात की नाही, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येईना.

पण पॉलिशवाल्यांना ठाऊक होतं. दुपारी मावशी जेवायला गेली की ते पलंगाभोवतीचा पडदा ओढायचे, तळहातावर तेल घ्यायचे आणि बायकोची टाच चोळायला लागायचे. आणि तिच्या घशातून आवाज यायचा, "हं." बस, एवढंच. त्या एका हुंकारावर त्यांचा घरी जायचा रस्ता सरायचा आणि रिकाम्या घराचं कुलूप उघडायचा धीर यायचा.

टाच तांबूस दिसली, तेव्हा त्यांना वाटलं, रक्त साकळलं असेल, हात फिरवला की मोकळं होईल. मोकळं झालं नाही, तेव्हा त्यांनी जास्त वेळ हात फिरवला. रंग गडद झाला तसे ते घाबरले, आणि घाबरले तसे आणखी चोळायला लागले. जन्मभराची सवय ती.

सिस्टर पुढच्या पलंगाकडे वळली, तसे ते तिच्या मागे गेले.

"सिस्टर, एक विचारू? समजा... कुणी चोळलं तर? तेल लावून. रक्त फिरावं म्हणून."

"छे छे, चोळायचं मुळीच नाही. या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते काका. आत रक्ताच्या बारीक नळ्या चेपलेल्या असतात. वरून चोळलं की उरल्यासुरल्या फुटतात. मलमसुद्धा आम्ही आजूबाजूला लावतो, हलक्या बोटानं. अंग पुसताना टिपतो, घासत नाही." ती वळली. "का हो? चोळतं कुणी?"

"नाही नाही. आपलं सहज."

ते न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि साबणानं हात धुवायला लागले. धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आरशात बघवेना, म्हणून नळाकडेच बघत राहिले. देवापाशी त्यांनी आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. दोन वेळा हात जोडायचे आणि त्याचं नाव घेऊन कामाला लागायचं, एवढाच व्यवहार होता. आज जोडायला हातच उचलेनात. मनातल्या मनात म्हणाले, देवा, तेवढा रंग उतरू दे. बाकी माझं काय करायचं ते कर.

सांगून टाकायचं? समोरच्या खोलीत एक मुलगा बापाला रोज स्वतः भरवायचा. एकदा घास घशात अडकला, बाप काळानिळा पडला, कसाबसा वाचला. त्या दिवसापासून मुलाला बाहेर व्हरांड्यात बसवतात. तो दाराच्या काचेतून बघत असतो आणि बाप आयाच्या हातून जेवत असतो. पॉलिशवाल्यांनी ते रोज येताजाता पाहिलं होतं. आपल्यालाही त्या काचेमागे बसवलं तर? हिचे डोळे तर छत आणि भिंतीपलीकडे कुठे जात नाहीत. हिला माझे हातच ठाऊक आहेत. हात गेले की मी गेलोच म्हणायचं.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आई कशी आहे?"

"छान आहे."

"तुमचा आवाज असा का येतोय? कपाटात बसल्यासारखा?"

"न्हाणीघरात आहे."

"बरं वाटत नाहीये का?"

"अगं, माणूस न्हाणीघरात कशाला जातो? ठेव आता." आणि मुलगी हसली, म्हणून तेही हसल्यासारखं करून फोन ठेवते झाले. सांगायचं ते ओठांवर येऊन परत गेलं.

दुपार झाली. मावशी जेवायला गेली. पॉलिशवाल्यांनी आज पडदा ओढला नाही. खुर्ची पलंगापासून जरा लांब घेतली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

हवेच्या गादीचा पंप घुंघुं करत होता. बायको जागी होती. थोड्या वेळानं तिनं डोळे वळवले, म्हणजे छतावरून भिंतीपर्यंत आणले, तेवढेच वळायचे. मग उजवा पाय हलला. पोटरीखालची उशी तिनं ढकलून दिली आणि टाच चादरीवर पुढे सरकवली. मागे घेतली. पुन्हा पुढे.

खस्स. खस्स.

हा आवाज पॉलिशवाल्यांच्या ओळखीचा होता. पॉलिशपेपर लाकडावर फिरतो, तोच हा.

"अगं, नको," ते म्हणाले. "नको हलवूस."

ती पाय हलवतच राहिली. जिथून रोज हात यायचा, त्या बाजूला ती टाच पुढे करत होती. हात येत नव्हता, म्हणून आणखी पुढे करत होती. घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. तो हुंकार नव्हता. त्यांनी उशी परत खाली सरकवली, तिनं पुन्हा लाथाडली. पाय धरावा तर आपल्याच हाताची भीती. न धरावा तर डोळ्यांदेखत कातडी घासली जातेय. हात पुढे गेले आणि मागे आले.

मग ते उठले आणि या वयात जेवढं धावता येतं तेवढे धावले.

मावशी भांडारघरात डबा उघडून बसली होती.

"मावशी, चला. माझ्या हातून झालंय ते."

"काय झालंय?"

"टाच. मी चोळतो रोज. तुम्ही जेवायला येता तेव्हा. तेल लावून. आज नाही चोळली, तर ती स्वतःच घासतेय. मला धरता येत नाहीये. चला हो."

मावशी तोंडातला घास तसाच ठेवून उठली. खोलीत येऊन तिनं पोटरीखाली हात घातला, टाच चादरीवरून वर उचलली आणि उरलेला घास गिळला. मग बोलली.

"पॉलिशवाले, कपाट आहे का हो ती?"

"नाही."

"मग? आणि मी रोज त्या उशीला शिव्या घालतेय. जा, सिस्टरना हाक मारा. आणि हे पण त्यांना सांगा. मी नाही सांगणार."

त्यांनी सांगितलं. सिस्टरचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिनं हात पुढे केला, त्यांनी बाटली दिली. ती वाकून टाच बराच वेळ न्याहाळत राहिली.

"फुटलेली नाही अजून," ती म्हणाली. "पण कडेला मऊ लागतंय. आत पाणी धरलं असेल तर उद्या-परवा फोड येईल. नसेल तर वाचेल. मी आत्ता काही सांगू शकत नाही. सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"खोटं बोललात."

"हो." पॉलिशवाल्यांनी मान खाली घातली. "मी बाहेर बसतो. काचेतून बघेन. फक्त मी इथेच आहे हे तिला कळेल असं कुणीतरी..."

सिस्टर रागातच होती. मावशीनं अजून पाय धरून ठेवला होता, आणि तो तिच्या हातात धडपडत होता.

"सिस्टर, काही म्हणा, मला दुसरीही माणसं बघायची आहेत. मी अशी किती वेळ धरून बसू? उशी ठेवली की ह्या पाडणार."

सिस्टरनं पॉलिशवाल्यांकडे पाहिलं. "बसा इथे. खुर्ची जवळ घ्या. उजवा हात द्या. असा, पोटरीखाली, तळहात वर. टाचेपर्यंत जायचं नाही. डावा हात नडगीवर नुसता ठेवा. दाबायचं नाही. आणि काका, फिरवायचा नाही. जरासुद्धा."

"माझे हात खरखरीत आहेत."

"मावशी, टॉवेल द्या तो मऊ."

मावशीनं टॉवेल गुंडाळून दिला. पॉलिशवाल्यांनी हात खाली सरकवला आणि मावशीनं आपला काढून घेतला. पायाचं वजन त्यांच्या तळहातावर आलं. केवढंसं वजन ते. पाय एकदा झटकला गेला, दुसऱ्यांदा जरा कमी, आणि मग थांबला.

"बघा," मावशी पुटपुटली. "उशी चालत नाही बाईसाहेबांना."

हुंकार आला नाही. पॉलिशवाले कान देऊन वाट बघत होते. नुसता श्वास ऐकू येत होता. बोटं आपल्या सवयीनं फिरायला बघत होती, आणि प्रत्येक वेळी ते दात आवळून ती जागच्या जागी धरत होते. खांदा भरून आला, मग कोपर बधिर झालं. सकाळी चादर वर होईल तेव्हा काय दिसेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. बायकोचे डोळे हळूहळू मिटले.

चहाची वेळ झाली. मावशी कप घेऊन आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली.

"घ्या."

"ठेवा तिथे. ती आत्ता झोपलीय."

"गार होईल."

"होऊ दे."

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं, पदराला हात पुसला आणि कप त्यांच्या ओठांशी धरला. पॉलिशवाल्यांनी मान तेवढी पुढे केली. घोटघोट चहा प्यायले. मनगटापासून पुढे काही हललं नाही.