सालीचा वाटा

गावसभेला जो गैरहजर राहतो त्याच्या गळ्यात पद पडतं, ही आमच्या डोंगरातली लोकशाही. सभेच्या दिवशी मी ओआहाका शहरात कॉलेजच्या मुलांचे अर्थशास्त्राचे पेपर तपासत बसलो होतो. संध्याकाळी बायकोचा, ओतिलियाचा, गावाहून फोन आला.

"अभिनंदन. तुला जंगल दिलंय."

पगार नाही, मानधन नाही, नकाराची सोय नाही. नकार दिला तर गावातलं घर राहतं, गाव राहत नाही. मी रजा टाकली आणि गावाच्या जंगल समितीतर्फे आमच्या पाइनच्या जंगलाचा रखवालदार झालो.

या जंगलातला जो भाग माझ्या छातीवर बसला होता, तो म्हणजे गावाच्या डोक्यावरचं बन. बनाच्या पायाशी झरा, झऱ्यापासून नळ, नळाच्या टोकाला आम्ही. आईच्या तरुणपणी तिथे बोडका डोंगर होता. लाकडाच्या ठेकेदारांनी झाडं नेली आणि झाडांच्या मागोमाग झराही गेला. बायका खालच्या नदीवरून पाणी वाहू लागल्या. शेवटी गावाने तेकियो केला, म्हणजे घरटी एक माणूस, मजुरी काही नाही, दुपारी मेस्काल दारूचा घोट आणि दिवसभर शिव्या. प्रत्येक घराने आपापली रोपं लावली. कुठलं झाड कुणाचं हे आजही लोक बोट ठेवून सांगतात, चुलतभावंडांची नावं मात्र चुकतात. झाडं मोठी झाली आणि झरा परत आला. बन गेलं तर तो पुन्हा जाईल, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

आणि भुंगा आला होता. बनात नव्हे, डोंगराच्या पलीकडच्या धारेवर. तांदळाच्या दाण्याएवढा काळा किडा. सालीखाली शिरतो, अंडी घालतो, त्याची पोरं साल आतून पोखरतात आणि झाड मरतं. त्याचा खरा हरामीपणा असा, की तांबूस होऊन वाळलेलं झाड दिसतं तेव्हा त्यातले भुंगे कधीच निघून गेलेले असतात. ते असतात शेजारच्या हिरव्यागार झाडात. म्हणून लागण झालेलं झाड हिरवं असतानाच तोडायचं, जागेवर सोलायचं आणि साल तिथेच जाळायची, असा ठराव मी सभेत मांडला होता. तो एकमताने मंजूर झाला. एकमताने मंजूर झालेली गोष्ट आमच्याकडे कुणाच्या लक्षात राहत नाही; भांडण झालेलीच राहते.

मे महिन्यात सॅन इसिद्रोचा उत्सव आला. जंगलाच्याच कागदपत्रांसाठी मी काही दिवस शहरात अडकलो होतो, तो उत्सवाच्या सकाळी गावात पोहोचलो. चौकात बँड वाजत होता, बायका मोठ्या पातेल्यांत तमालेस उकडत होत्या आणि मधोमध चरबी चोपडलेला उंच खांब उभा होता. टोकाला बक्षिसं बांधलेली. तरणी पोरं चढत होती, घसरत होती, लोक हसत होते.

मी खांबाकडे पाहिलं आणि माझं हसू तिथेच थिजलं. चरबीखालच्या लाकडात शाईचं बोट ओढावं तशा निळसर रेघा होत्या. भुंगा झाडात शिरतो तेव्हा सोबत एक बुरशी आणतो, तिचा हा रंग.

यंदाचा उत्सव फिदेन्सियोकडे होता. तो माझ्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो आणि भांडू शकत नाही.

"कोंपाद्रे, हे झाड कुठलं?"

"का? सरळ नाहीये?"

"सरळ आहे. कुठलं?"

"पलीकडच्या धारेचं. तूच तांबडी खूण केली होतीस त्यावर. म्हटलं, नाहीतरी तोडायचंच आहे, मग सणासाठी दुसरं चांगलं झाड कशाला मारा? सभेत तूच घसा कोरडा केलास ना, झाडांवर माया करा म्हणून? केली."

"सोललं कुठे?"

"इथेच, आठवड्यापूर्वी. चढावर कोण सोलत बसणार? खांद्यावरून आणलं, वाजतगाजत."

"आणि साल?"

फिदेन्सियोचा चेहरा उजळला. "वाटली! घरटी सारखी. एक ढलपी इकडे नाही, एक तिकडे नाही. गेल्या साली उत्सवाच्या मटणावरून केवढी भांडणं झाली, आठवतं? यंदा एक माणूस बोललेला नाही."

समान वाटपाचं चांगलं उदाहरण मला कॉलेजात कधी देता आलं नव्हतं. आता मिळालं. घाईघाईत काम केलं असतं तर ती साल चौकाच्या एका कोपऱ्यात पडली असती आणि मी काडी लावून मोकळा झालो असतो. न्यायाने काम झाल्यामुळे भुंगा गावातल्या प्रत्येक घरी पोहोचला होता.

मी नाबोरला गाठलं. गावचा भोंगा त्याच्या ताब्यात असतो. मयताची बातमी आणि हरवलेली गाढवं तोच जाहीर करतो. त्याने घसा साफ केला आणि घोषणा केली, "जंगल समितीच्या आदेशावरून, वाटलेली साल ज्याने त्याने चौकात परत आणून द्यावी."

"कारण सांग ना!"

"कारण सांगितलं की लोक चर्चा करतात," नाबोर म्हणाला.

न सांगताही केली. तमालेसच्या रांगेपासून मेस्कालच्या बाकापर्यंत बातमी पोहोचेतो साल शहरातल्या फुलवाल्यांना विकली गेली होती, मी दलाल झालो होतो आणि समितीने सौदा ठरवला होता. चौकात एकही ढलपी आली नाही. उलट दोन-तीन जण घाईने घरी जाऊन आपली साल जरा आत ठेवून आले.

"आता काय?" ओतिलियाने विचारलं.

"आता दारोदार."

"मी येते. तू एकटा गेलास तर लेक्चर देशील."

ती बोलली, मी पोतं धरलं. पहिल्याच घरी हायसं वाटलं: साल चुलीत गेली होती. दुसऱ्या घरीही. उत्सवाचा स्वयंपाक होता, जळण लागतंच. तिसऱ्या घरी ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे रचून ठेवलेली निघाली.

"माझी नेणार, मग शेजारणीची?" घरधनीण म्हणाली.

"तिने जाळली."

"म्हणजे तिला वापरायला मिळाली आणि मला नाही?"

"कोंसुएलो," ओतिलिया म्हणाली, "तुझी मी तुझ्याच चुलीत आत्ता जाळते. वर कॉफी ठेव. वापरली की नाही?"

असं करत आम्ही चढत गेलो. पोटात कॉफी साचत होती आणि भीतीही. प्रत्येक ढलपी मी उलटून बघत होतो. आतल्या बाजूला पांढऱ्या अळ्या दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. म्हणजे अजून घरातच आहेत. एरवी अळ्या बघून खूश होणारा माणूस मी नव्हे.

शेवटचं घर क्रेसेन्सिया मावशींचं. त्यांच्या परसाला कुंपण नाही. परस संपतं तिथे बन सुरू होतं. मावशी ओसरीवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. लागवडीच्या तेकियोत त्या परकराच्या ओच्यात रोपं घेऊन चढल्या होत्या, आणि तेव्हापासून बनाशी त्या सुनेशी बोलतात त्याहून गोड बोलतात.

"मावशी, सालीचा वाटा मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला की. फिदेन्सियो स्वतः घेऊन आला."

"जाळलीत?"

"जाळते कशाला? मी एकटी, माझी चूल केवढी!"

"मग कुठे ठेवलीय?"

मावशींनी हनुवटीने वर दाखवलं. "झाडाची साल झाडाला दिली. मुळांपाशी पांघरून घातली. उन्हाळ्यात माती तापते रे, बिचाऱ्यांचे पाय भाजतात."

ओतिलियाने माझा हात धरला, कारण मी धावणार होतो आणि चढ निसरडा होता. तरी धावलोच.

तीन झाडांच्या बुंध्याभोवती साल गोल रचलेली होती, आजाऱ्याला रजई द्यावी तशी नीटनेटकी. मी एक ढलपी उलटली. अळ्या नव्हत्या. बाहेरच्या अंगाला खसखशीएवढी भोकं होती, सुईने टोचल्यासारखी, शेकड्यांनी. दुसरी उलटली. तीच गत. घर रिकामं होतं, भाडेकरू निघून गेले होते.

मग वर बघायची वेळ आली आणि मला बघवेना.

"हेलादियो," ओतिलिया हळूच म्हणाली, "हे बघ."

मावशींच्या झाडाच्या सालीवर, डोक्याच्या उंचीला, मक्याच्या लाह्या चिकटवाव्यात तसे राळेचे गोळे होते. भुंगा आत शिरताना झाड त्याला राळेने ढकलतं. त्याचे ते गोळे. शेजारच्या दोन झाडांवरही होते. आणि तिन्ही झाडं अशी हिरवी, अशी टवटवीत, की देवळातल्या चित्रात शोभली असती.

सभा भरवायला वेगळं बोलवावं लागलं नाही. सगळं गाव चौकात होतंच. खांबावर अर्ध्यात लटकलेला एक पोरगा तिथूनच ऐकत होता. मी सांगितलं: तीन झाडं आजच पाडायची, आणि भुंगा पुढे उडू नये म्हणून त्यांच्याभोवतीचं एक कडंही. कड्यातली झाडं निरोगी आहेत, तरीही.

"निरोगी झाड पाडायचं? आणि हा जंगलाचा रखवालदार!"

"उद्या ताप आला तर शेजाऱ्याला पुरणार काय?"

"कडं इकडून वळवा की जरा. तो आमच्या आजोबांचा पाइन आहे."

"आणि इकडे आमचा आजा नव्हता का?"

"भुंग्याला विचारा, त्याला कुठलं घराणं आवडतं!"

"सण संपू दे. तीन दिवसांनी बघू."

तीन दिवसांत ऊन वाढणार होतं. ऊन वाढलं की भुंगे उडतात. हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. कॉलेजात आवाज चढवला की मागची मुलं तरी जागी होतात. इथे फक्त चर्चेला रंग चढला. प्रत्येकाचं आपल्या झाडावर प्रेम होतं, आणि प्रत्येकाच्या मते कडं शेजाऱ्याच्या झाडावरून छान गेलं असतं. मी वरच्या बनाकडे बघत होतो. वारा सुटला होता, आणि तो चुकीच्या दिशेला, आतल्या झाडांकडे वाहत होता.

क्रेसेन्सिया मावशी माझ्या मागून चढ उतरून आल्या होत्या, तेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी काठी आपटली.

"ती साल मी टाकली."

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या.

"कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. चांगलं व्हावं म्हणून टाकली. आता माझं आधी पाडा. माझं आडवं झालं की मग ज्याला आपल्या आजोबांची गोष्ट सांगायची त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावी."

कुणी हात वर करायला सांगितलं नाही, पण हात वर गेले. सगळ्यात आधी फिदेन्सियोचा. तो माझ्याकडे बघत नव्हता.

करवती आणल्या. माणसं वर गेली. खाली बँडला कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून तो वाजवत राहिला. ट्रम्पेटच्या तालावर मावशींचं झाड कलू लागलं, फांद्यांत अडकलं, आणि मग जमीन हादरवत आडवं झालं. फिदेन्सियोने सणाचे कपडे चढवलेले होते. तसाच गुडघ्यांवर बसून तो साल सोलू लागला. प्रत्येक ढलपीखाली अंडी घालत गेलेल्या भुंग्यांच्या ताज्या वाटा होत्या, नागमोडी. जागेवर जाळ केला. कड्यातली झाडंही पडली. ज्यांची होती ते लोक लाकडाकडे पाठ करून उभे राहिले आणि काम मात्र करत राहिले.

"वाटा नको हं यातला कुणाला," ओतिलिया म्हणाली. कुणी हसलं नाही, म्हणून ती स्वतःच थोडी हसली.

उत्सव संपला. खांबावरचं बक्षीस कुणीच जिंकलं नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी बनात जातो. एकेक बुंधा हाताने चाचपतो. एकटा नसतो, अर्धं गाव येतं. आधी ज्यांना भुंगा पटत नव्हता त्यांना आता प्रत्येक झाडावर तोच दिसतो. कुणी मुंगी घेऊन येतं, कुणी डास, एकाने वाटाण्यातला टोका काडेपेटीत घालून आणला. नळाला पाणी जरा बारीक आलं की ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघतात.

परवा खरंच एक गोळा दिसला. कड्याच्या पलीकडे, बनात खोल, तोडलेल्या जागेपासून बराच दूर. मावशी मागे उभ्या होत्या, त्यांना पाठवून देणं मला जमलं नाही. मी सुरी काढली आणि गोळ्याखालची साल चौकोनी कापून उचलली. आत पांढरं, ओलं, स्वच्छ लाकूड. वाट नाही, अळी नाही. फांदी घासली असेल, पक्ष्याने चोच मारली असेल.

"नाही ना?" मावशींनी विचारलं.

"इथे नाही."

त्यांनी मान मागे टाकून वर बघितलं. बुंधा सरळ वर जात होता, आमची घरं एकावर एक ठेवली तरी पुरणार नाहीत इतका, आणि शेंडा उजेडात हलत होता.

"आणि तिथे?"

"तिथलं खालून दिसत नाही, मावशी."

"मग कळणार कधी?"

"शेंडा पिवळा पडला तर. पडला नाही तर नाही."

त्या बुंध्याला टेकून खाली बसल्या आणि शाल गुंडाळून घेतली. मलाही शेजारी बसायची खूण केली. मी बसलो. दोघंही मान वर करून बघत राहिलो. ऊन शेंड्यावर पडलं होतं, आणि त्या उन्हात हिरवं आणि पिवळं यांतला फरक मला काही केल्या सांगता येत नव्हता.