रिकाम्या खाटेची बेल

मित्रांनो, घाबरू नका. बंद खोलीच्या भिंतीवर वीस काचेचे डोळे दिसले आणि त्यातला एकच लाल झाला, तर कोणीही दचकेल. पण तो मी असतो. इस्पितळाच्या जुन्या भागात, सिस्टरांच्या खोलीत टांगलेला मी एक म्हातारा बेलचा बोर्ड. लाकडी चौकट, वीस छोट्या काचा, प्रत्येक काचेवर एक आकडा आणि आकड्यामागे बारीक लाल दिवा. डोक्यावर पितळेची घंटी, पोटाखाली खटका. रोग्याने खाटेपाशी लोंबणारं बटण दाबलं की घंटी वाजते आणि त्याच्या आकड्याचा दिवा लागतो. सिस्टरांनी खटका ओढला की दिवा मालवतो. बोलता मला येत नाही, आणि माझी सगळी दुःखं तिथूनच सुरू होतात.

मला इथे बसवलं ते एका उंच, हडकुळ्या वायरमनने. कानावर पेन्सिल, ओठांत चार खिळे, आणि खिळ्यांच्या फटीतून अखंड गुणगुणणं. वीस खाटांपासून वीस तारा त्याने भिंतीतून ओढत माझ्या पाठीत आणून जोडल्या. मग तो एकेका खाटेपाशी जाऊन बटण दाबू लागला. त्याची दाबायची एक तऱ्हा होती. दोन छोट्या आणि एक लांब. ट्रिंग, ट्रिंग, ट्रीऽऽऽंग! आणि लगेच तिकडून हाक, "कितवा लागला?"

माझ्यासमोर तेव्हा एक शिकाऊ सिस्टर उभी होती. ती ओरडून सांगायची, "तीन नंबर!" तो पुढच्या खाटेकडे जायचा. वीसच्या वीस दिवे बरोबर लागले तेव्हा तो खोलीत आला, माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणाला, "हा कधी खोटं बोलणार नाही, सिस्टर. मी जातो, पण हा इथंच आहे."

माझी छाती तेव्हा फुगली ती कित्येक वर्षं फुगलेलीच होती. मी किती जणांना पाणी मिळवून दिलं, किती जणांचा ताप वेळेवर मोजायला लावला, याचा हिशेबच नाही. मला बटण दाबण्याच्या तऱ्हेवरून माणूस कळायचा. रागीट माणूस बटणावर अंगठा ठेवून बसतो. लाजरा माणूस एकदाच दाबतो आणि माफी मागितल्यासारखा पटकन सोडतो. घाबरलेल्याची बेल थरथरते.

पुढे इस्पितळाची नवी इमारत झाली आणि आमचा भाग बंद पडला. खाटा एकावर एक रचल्या. माझ्या घंटीत कोळ्याने जाळं केलं. झाडलोट करणाऱ्या मावशी महिन्यातून एकदा येत आणि माझ्यावरून फडकं फिरवत. "तू आणि मी, दोघंही अडगळीत," असं म्हणून त्या सुस्कारा सोडत. मला त्यांचा फार आधार होता.

मग साथ आली. ती मला आधी टेलिफोनवरून कळली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा फोन नव्या इमारतीतल्या लोकांनी पुन्हा सुरू केला होता. पहिला फोन डोंगरापलीकडच्या इस्पितळातून आला, की तुमच्याकडे खाट आहे का. दोन दिवसांनी तोच प्रश्न डोंगराच्या अलीकडून आला. मग नदीपलीकडून. मग पुलाजवळच्या लहान दवाखान्यातून. दर दिवशी साथ एकेक गाव ओलांडून जवळ येत होती आणि मला तिच्या पावलांचा आवाज फोनच्या घंटीत ऐकू येत होता. शेवटी आमच्याच लोकांनी फोन फिरवले, "तुमच्याकडे खाट आहे का?" पलीकडे फोन नुसता वाजत राहायचा. कोणी उचलायचं नाही. मित्रांनो, वाजणाऱ्या वस्तूला यापेक्षा भयंकर दुसरं काही नसतं.

जुना भाग एका दिवसात उघडला. त्या वेळची शिकाऊ सिस्टर आता मोठ्या सिस्टर झाल्या होत्या, केस पांढरे, गुडघे दुखरे. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तू अजून आहेस?" त्यांनी वीज जोडून घेतली. माझे दिवे लागले. मला वाटलं, आपले दिवस पुन्हा आले.

आणि नेमकी तिथेच चूक झाली. चूक मोठ्या सिस्टरांचीच होती, पण त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. संसर्ग पसरू नये म्हणून व्हरांड्याचं मोठं दार खिळे ठोकून बंद केलं होतं. रोगी आता मागच्या दाराने आत येत. तेव्हा सिस्टरांनी हातात खडू घेतला आणि मागच्या दारापासून खाटांवर आकडे घातले. एक, दोन, तीन, चार. माझ्या तारा मात्र जुन्याच होत्या, मोठ्या दारापासून मोजलेल्या. पहिल्या खाटेवरचा माणूस बटण दाबी आणि माझा विसावा दिवा लागे. पाचव्या खाटेवरून हाक आली की मी सोळा दाखवी. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला खाटा दिसत नाहीत, नुसत्या तारा कळतात. मी अगदी इमानदारीने खोटं सांगत होतो.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, ज्या खाटेपाशी सिस्टर धावत जाई, तिथे कोणाला ना कोणाला काहीतरी हवंच असे. वीस जण धापा टाकत होते आणि सिस्टर दोन. अंगभर प्लॅस्टिकचा झगा, चष्म्यावर वाफ, कानात ऑक्सिजनची सूं सूं. सगळ्यांच्या नाकीनऊ आले होते. चुकीच्या माणसालाही पाणी लागतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोळावा दिवा लागला. अगदी हलकं दाबणं होतं ते, अंगठीच्या बोटाने दाबल्यासारखं. ते पाचव्या खाटेवरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मोठ्या सिस्टर सोळाव्या खाटेकडे गेल्या. तिथला माणूस शांत झोपला होता. त्यांनी त्याची चादर सारखी केली, परत येऊन खटका ओढला. बेल पुन्हा वाजली. सिस्टर पुन्हा गेल्या. तो झोपलेलाच. "काय हो, हा बोर्ड पण दमलाय वाटतं," त्या मावशींना म्हणाल्या. तिसऱ्यांदा बेल अर्धीच वाजली. नंतर वाजली नाही. पाळी बदलताना पाचव्या खाटेवरच्या बाई गेलेल्या आढळल्या. त्यांची ऑक्सिजनची नळी उशीखाली अडकून दुमडली होती, बटण हातातच होतं.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी लाल होऊन ओरडलो होतो, आणि तरीही कोणाच्या कामी आलो नव्हतो.

त्यानंतर एकोणिसाव्या खाटेची गोष्ट सुरू झाली. त्या खाटेवरचा रोगी सकाळी दगावला होता. तिच्या डोक्यावरचा ऑक्सिजनचा नळ गळत होता, म्हणून एवढ्या गर्दीतही ती खाट रिकामी ठेवली होती. गादी उचललेली, नुसत्या लोखंडी पट्ट्या. आणि भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, माझा एकोणिसावा दिवा लागला.

मावशी समोरच उभ्या होत्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग दारातून रिकाम्या खाटेकडे पाहिलं. त्यांची बोबडी वळली. "सिस्टर," त्या कशाबशा म्हणाल्या, "गेलेला माणूस बोलावतोय."

"मावशी, काहीतरीच काय? तारेत बिघाड असेल."

"बिघाडाला रिकामीच खाट बरी सापडली!"

मोठ्या सिस्टरांनी खटका ओढला. बेल पुन्हा वाजली. पुन्हा ओढला, पुन्हा वाजली. त्या दिवशी अकरा वेळा वाजली. दुसऱ्या दिवशी धाकट्या सिस्टरने खोलीत यायचंच नाकारलं. शेवटी मावशींनी पट्टीचं कापड घेतलं आणि माझ्या घंटीला घट्ट गुंडाळलं. "माफ कर रे बाबा," त्या पुटपुटल्या, "पण तुझा आवाज ऐकवत नाही." ज्यांच्या फडक्याने मी वर्षानुवर्षं जगलो, त्यांनीच माझं तोंड बांधलं. मला राग आला नाही. गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझ्या चौकटीवरून एकदा फडकं फिरवलं.

दुसऱ्या खाटेवर, हे मला मागाहून कळलं, एक म्हातारा गृहस्थ होता. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. कागदावर त्याचा फक्त आकडा होता. माझ्या एकोणिसाव्या तारेच्या दुसऱ्या टोकाला तोच होता. त्या टोकाला ऑक्सिजनचे नळ पोचले नव्हते, म्हणून त्याला लावलेला सिलेंडर संपत आला होता आणि काटा लाल रेघेवर टेकला होता. तो बटण दाबत होता आणि कोणी येत नव्हतं. त्याने पुष्कळ वेळा साधं दाबलं. मग तो थांबला. माझ्या तारेत काहीच हललं नाही. मला वाटलं, हेही अर्धंच राहणार.

आणि मग कापडाखाली माझी घंटी हलली. थप, थप, थऽऽऽप.

दोन छोट्या आणि एक लांब.

मोठ्या सिस्टर टेबलाशी औषधं मोजत होत्या. त्यांचा हात हवेतच थांबला. पुन्हा थप, थप, थऽऽऽप. त्या माझ्याकडे वळल्या. प्लॅस्टिकच्या झग्यात पांढऱ्या केसांची बाई उभी होती, पण तिच्या तोंडून आवाज निघाला तो शिकाऊ मुलीचा, "एकोणीस नंबर!" आणि त्या स्वतःच चपापल्या. कारण एकोणीस नंबर त्या काळी कुठे होता, हे त्यांना एकदम आठवलं. तो मागच्या दाराशी होता.

"मावशी, आपण आकडे उलटे घातलेत!" त्या किंचाळल्या आणि दुखरे गुडघे विसरून धावत सुटल्या.

मला पुढचं दिसलं नाही. ऐकू आलं ते सिलेंडर फरफटत नेल्याचं, किल्लीचं, आणि मग सूं सूं. मित्रांनो, तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. थोड्या वेळाने सिस्टर परत आल्या. चष्मा आतून ओला झाला होता. त्यांनी माझं कापड सोडलं, चिकटपट्टीवर उलटे आकडे लिहून माझ्या काचांवर डकवले. सोळाच्या काचेवर पाच लिहिताना त्यांचा हात थांबला. त्या खुर्चीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या हुंदके देऊन रडल्या. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तो म्हातारा, माझा वायरमन, वाचला. साथ ओसरल्यावर आमचा भाग पुन्हा बंद करायचा ठरला, तेव्हा तोच काठी टेकत आला. दर चार पावलांवर दम खात त्याने माझी वीज तोडली, वीसही तारा माझ्या पाठीतून उपसल्या. "याचा काही दोष नव्हता, सिस्टर," तो म्हणाला.  खाटा मात्र सिस्टरांनी या वेळी रचू दिल्या नाहीत. वीसही जागच्या जागी राहिल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी, अशाच एका उन्हाच्या दुपारी, सिस्टर आणि मावशी कपाटातल्या चादरी न्यायला आल्या होत्या. माझ्यात वीज नव्हती. माझ्या पाठीत एकही तार नव्हती. तरीही कोणीतरी अगदी हलकं दाबलं, घंटी किणकिणली आणि चिकटपट्टीवरच्या पाचाच्या मागे दिवा लागला.

मावशींनी सिस्टरांचा हात धरला. "जाऊ नका. तिथं कोणी नाही हो."

"बेल वाजली की जायचं, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "कोण आहे ते तिथं गेल्यावर बघायचं."

त्या मागच्या दारापाशी गेल्या आणि तिथून मोजत आल्या, मोठ्याने, एकेक खाटेवर हात ठेवत. एक, दोन, तीन, चार, पाच. खाटेच्या पट्ट्या करकरल्या, म्हणजे त्या बसल्या असाव्यात. "आले हो मी," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, बाई. पण आले."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आता तुमच्याकडे नसतील. पण तुमच्या घरात, शेजारी, कुठेतरी कोणी ना कोणी हलकंसं बटण दाबत असेल. तिथे कोणी नाही असं जरी सगळे म्हणाले, तरी एकदा उठून जा. आणि आकडे कोणत्या दारापासून मोजले आहेत, तेवढं बघून जा.

त्या दुपारी माझा खटका कोणीच ओढला नाही. दिवा आपणहून मालवला.