वादळाआधी पंधरा जण

हवामान खात्याचं संध्याकाळचं पत्रक आलं, तेव्हा ताई शेवटचं मशीन धुवून बंद करत होती. इस्पितळाच्या डायलिसिस विभागात ती सोळा वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करत होती, आणि पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती ताईच होती. भिंतीवर तिने किनाऱ्याचा नकाशा चिकटवला होता. दर तीन तासांनी पत्रक आलं, की वादळ कुठवर आलं त्याचा पेन्सिलीने ठिपका काढायची. सकाळपर्यंत ठिपके मुंगीच्या पावलाने सरकत होते. आताचा ठिपका मात्र एकदम बोटभर पुढे पडला.

"उद्या रात्री आदळणार म्हणतात," ती सिस्टरला म्हणाली. "परवा नाही, उद्या."

सिस्टरने पेशंटची वही उघडली. वहीत पंधरा नावं होती. या पंधरा जणांच्या किडन्या काम करत नव्हत्या. आठवड्यातून तीनदा मशीनने रक्त स्वच्छ केलं, तरच त्यांचा पुढचा आठवडा उजाडायचा. वादळानंतर वीज कधी येईल आणि रस्ते कधी मोकळे होतील, कुणी सांगावं? चार-पाच दिवस खाडा पडला, तर फुप्फुसात पाणी साचून माणूस घरातल्या घरात जायचा.

मशीनं चारच होती. ताईने डॉक्टरांना फोन लावला. प्रत्येकाला चार तासांऐवजी अडीच तास द्यायचे आणि सकाळी सहापासून चार तुकड्या करायच्या, असं ठरलं. मग तिने एकेकाला फोन केले. "डबा घेऊन या. पाणी घोट-घोटच प्या. केळी, नारळपाणी बंद. नातेवाईक सोबत आणा. नाही, उद्याच. परवा मी असेन, पण वीज नसेल."

घरी तिची आई एकटी होती. ताईचा मोठा भाऊ, दादा, आईला आपल्याकडे न्यायला आला, तेव्हा आईने विचारलं, "आणि ताई?" दादा म्हणाला, "हिला पंधरा लेकरं आहेत. ती कशाला येतेय?"

सकाळची पहिली तुकडी वेळेवर लागली. दुसऱ्या तुकडीत मात्र एक खुर्ची रिकामी राहिली. कप्तान आले नव्हते. खाडीवर चाळीस वर्षं माणसं पलीकडे नेणारी होडी चालवली म्हणून त्यांना सगळे कप्तान म्हणत. फोन वाजून वाजून बंद पडत होता. ताईने त्या खुर्चीत तिसऱ्या तुकडीतल्या शिंपीणबाईंना बसवलं आणि कप्तानांचं नाव शेवटच्या तुकडीत ढकललं.

बाराच्या पत्रकात वादळ आणखी वेगाने निघाल्याचं लिहिलं होतं. आता ते रात्री नाही, दिवेलागणीलाच येणार होतं. तिसरी तुकडी लावून ताई सिस्टरला म्हणाली, "तासाभरात येते. शिंपीणबाईंचं बीपी पडलं होतं, त्यांना एकट्या सोडू नकोस." आणि ती ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

कप्तान वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर राहायचे. शेजारची घरं कुलूपबंद होती. ते ओट्यावर बसून समुद्राकडे बघत होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"कशाला आलीस?" ते म्हणाले. "माझी खुर्ची दुसऱ्याला दे."

"दिली होती. आता परत तुमची आहे."

"गेल्या खेपेलाही असाच गाजावाजा केला होतात. वादळ तोंड फिरवून गेलं."

"या खेपेला नाही फिरणार. तुम्हालाही दिसतंय ते."

पाण्याचा रंग कप्तानांना तिच्यापेक्षा जास्त कळत होता. ते म्हणाले, "बायको होती तोवर ठीक होतं. दिवसाआड सुया टोचून घ्यायच्या, घरी येऊन पडायचं, परत जायचं. या शरीराला किती दिवस ठिगळं लावायची, ताई?"

जगण्याची गोडी सांगणारी भाषणं ताईने इतरांच्या तोंडून पुष्कळ ऐकली होती, आणि त्यांचा उपयोग झालेला तिने कधी पाहिला नव्हता. ती त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकली.

"काका, नको म्हणायचा हक्क तुमचाच आहे. मी डॉक्टरांसमोर तुमच्या बाजूने उभी राहीन. पण ते वारा पडल्यावर, कोरड्या अंगाने, नीट बसून सांगा. वादळाच्या आडून सांगू नका. तसं केलंत तर तुम्ही ठरवलंत की वादळाने, ते मला जन्मभर कळणार नाही."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कप्तान भिंतीला हात लावून उठू लागले. "आजच्यापुरतं," ते म्हणाले.

"आजच्यापुरतंच म्हणतेय मी."

तीन वाजता शेवटची तुकडी लागली. साडेचारला खिडक्या खडखडायला लागल्या आणि वीज गेली. जनरेटर सुरू झाला, दहा मिनिटं चालला आणि आवारात शिरलेल्या पाण्याने गुदमरून बंद पडला. चारही मशीनं एका सुरात ओरडायला लागली. चार माणसांचं रक्त नळ्यांमध्ये होतं आणि मशीनच्या बॅटऱ्या जेमतेम वीस मिनिटांच्या होत्या. वाट बघण्यात अर्थ नव्हता.

"रक्त परत द्यायचं," ताई म्हणाली. "हाताने."

मशीनमध्ये रक्त फिरवणाऱ्या प्रत्येक पंपाला अशा वेळेसाठी हाताने फिरवायचा एक दांडा असतो. एक सिस्टरने धरला, एक एका पेशंटच्या मुलीने, एक ड्रायव्हरने आणि कप्तानांचा ताईने. ड्रायव्हर घाईघाईने फिरवायचा, मध्येच थांबायचा.

"अरे, तू काय विहिरीचं पाणी ओढतोयस का?" शेजारच्या खुर्चीतून कप्तान म्हणाले. "वल्हं मारतात तसं. सावकाश, पण थांबायचं नाही. मी मोजतो." आणि ते एक, दोन, एक, दोन म्हणू लागले. हळूहळू चारही दांडे त्यांच्या मोजणीवर फिरायला लागले. मागून सोडलेल्या सलाईनने नळ्यांमधला लाल रंग फिका होत होत पाण्यासारखा झाला. ताईने टॉर्चच्या उजेडात एकेकाच्या सुया काढल्या, पट्ट्या बांधल्या आणि सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं.

त्या संध्याकाळी वादळाने गावाची दैना केली. इस्पितळाचे पत्रे उडाले, पण भिंती टिकल्या. वीज पाचव्या दिवशी आली. तोवर पंधराही जणांनी दिवसाला दोन पेले पाण्यावर तग धरला होता. शिंपीणबाईंना दम लागला होता, त्यांना सगळ्यांत आधी मशीनला लावलं. वाळूच्या पट्टीवरची घरं राहिली नव्हती. कप्तानांच्या ओट्याच्या जागी खाडीचं पाणी खेळत होतं.

कप्तान शाळेतल्या निवाऱ्यात राहायला गेले होते. तिथून ते चालत आले आणि आपल्या वेळेला खुर्चीत बसले.

"वारा पडलाय, काका," सुई हातात घेऊन ताई म्हणाली. "सांगायचं असेल तर सांगा. डॉक्टर आहेत आत."

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले. "निवाऱ्यात माणसं बिथरलीत. ढग दिसला, की मलाच विचारतात. रोज दोनदा सांगावं लागतं, की हा नुसता ढग आहे." त्यांनी बाही वर केली. "परवाची वेळ कितीची दिलीस?"

"सकाळी दहाची."

"सहाची कर. दुपारी तिथे मला शोधत बसतात."