फडकं कुणी काढलं?

टिंग!

पक्कडीतून कडी सुटली. पाहते तर इंजिनाच्या तोंडात कोंबलेलं फडकं गायब. ते माझ्या सासऱ्यांच्या, होरेसच्या हातात होतं आणि त्या फडक्यानं ते निवांत चष्मा पुसत होते.

"होरेस! ते कुठून घेतलंत?"

"इथूनच. का?"

मोटरसायकलचं सिलिंडर उतरवलं की खाली इंजिनाचं पोट उघडं पडतं. तिथे आधी स्वच्छ फडकं कोंबायचं आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे मला याच माणसानं शिकवलं होतं. बाकीचं मी पुस्तकं वाचून आणि बोटं सोलून शिकले.

कडी म्हणजे तारेचा नखाएवढा तुकडा. पिस्टनची पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक बसवायची. ती पोटात पडली असेल आणि तशीच गाडी चालवली, तर अडतीस सालचं इंजिन आतून फुटणार. नाही सापडली, तर सगळं इंजिन खोलायचं. म्हणजे दोन महिने.

आणि चढ उद्याच होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी क्लबची मंडळी गावामागचा मोठा चढ जुन्या गाड्यांवर चढतात. होरेसनी एकसष्ट वर्षांत तो एकदाही चुकवला नव्हता, सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा. "हा शेवटचा," असं ते आठवडाभर म्हणत होते. ब्याऐंशीच्या माणसाला 'का' कोण विचारणार?

"दाराबाहेर उडाली असेल," होरेस म्हणाले. "दुसरी घाल."

"जुन्याच आहेत, काढलेल्या. जुनी कडी पुन्हा घालायची नाही, कोण म्हणायचं?"

"तुझ्यापेक्षा माझा मुलगा बरा. कळत काही नाही, पण वाद तरी घालत नाही."

"बोलवा मग त्याला. पेट्रोलच्या वासानं ओकेल बिचारा."

हसलं कुणीच नाही. सायकलच्या स्पोकला लोहचुंबक बांधून मी तो इंजिनाच्या पोटात सोडला. होरेस गुडघे टेकून बाकाखाली चाचपडू लागले. चुंबक वर आला, रिकामा. पुन्हा सोडला. पुन्हा रिकामा.

"सापडली!" होरेस ओरडले. "बघ, कशी चकाकतेय!"

त्यांच्या तळहातावर कडी होती. काजळीनं काळी ठिक्कर. मंगळवारी मीच काढून टाकलेली.

"मला फसवताय?" माझा आवाज चढला. "उद्याच्या एका चढासाठी?"

"फसवतो? मी?"

त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. ते माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या कानाच्या पलीकडे होती. मग आठवलं, हल्ली चहाचा मगही ते असाच तिरक्या नजरेनं शोधतात.

"होरेस, ही काळी आहे."

बराच वेळ ते कडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"नजरेत मधोमध डाग आहे," अखेर म्हणाले. "कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाला, लायसन्स परत करा. सोमवारी पाठवणार होतो."

"आणि उद्या चढ कसा दिसणार होता?"

"चढ मला पाठ आहे."

"समोरून येणारा ट्रॅक्टरही पाठ आहे?"

मी स्पोक पुन्हा इंजिनाच्या पोटात सोडून फिरवू लागले. तेवढ्यात खालून बारीकसा 'टक्' ऐकू आला. श्वास रोखून मी तो इंच इंच वर घेतला. टोकाला कडी. नवी, तेलानं निथळणारी.

होरेसनी न सांगता फडकं परत जागेवर कोंबलं. मी कडी पुसून बसवली, आणि ती खाचेत नीट बसली का हे त्यांनी नख फिरवून पाहिलं. दोनदा.

"बसली."

सिलिंडर, हेड, सगळं चढेपर्यंत पाच वाजले. तिसऱ्या किकला इंजिन बोललं. होरेस डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खिळ्यावरचा आपला गॉगल काढला आणि माझ्या हातात दिला.

"पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, अ‍ॅक्सिलरेटर फार पिळू नकोस. दुसऱ्या वळणाच्या आधीच गिअर उतरव. आणि ऐक, मागे बसलो तरी मी तुझ्या कमरेला धरणार नाही. सीटला धरीन."

"त्या चढावर सगळे कमरेलाच धरतात," मी म्हटलं.

"बघू," ते म्हणाले.