नोंदीत नसलेलं टेबल

मित्रांनो, आमच्या शहराचं नाव तुम्हाला नकाशात भिंग लावून शोधावं लागेल. पण एके काळी हीच राजधानी होती, आणि या राजधानीच्या सभादालनात मी तेव्हापासून उभा आहे. मी एक जुनं सागवानी टेबल आहे. बावीस हात लांब, चार हात रुंद, आणि पाय विचाराल तर चौदा!

माझा जन्म याच दालनात झाला. एवढं लांब टेबल बाहेर बनवून जिन्यावरून वर आणणार कसं? म्हणून सुतारानं आपली हत्यारं, आपला मेहुणा आणि लाकडाच्या फळ्या वर आणल्या आणि पाच महिने इथेच मुक्काम ठोकला. त्याची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. एकदा तिनं मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं, मग दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, उद्या हे बाहेर काढायची वेळ आली तर?"

सुतार रंधा मारता मारता हसला. "बाहेर कशाला काढतील? सरकार काय उठून कुठे चाललंय?"

मेहुणा शेवटी तीन दिवस मला नुसतं तेल चोळत होता. माझ्या अंगात छताचं नक्षीकाम दिसायला लागलं, तेव्हाच त्यानं हात थांबवला.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझ्याभोवती चाळीस खुर्च्या लागल्या. रस्ते कुठून न्यायचे, विहिरी कुठे खणायच्या, शाळा किती काढायच्या, सगळे बेत माझ्यावर आखले जायचे. एक सभासद रागावले की माझ्यावर मूठ आपटायचे. त्यांच्या शेजारचे सभासद दर सभेत डुलकी घ्यायचे आणि मूठ आपटली की दचकून म्हणायचे, "माझा पाठिंबा आहे!" दूरदेशचे पाहुणे माझ्यावरून हात फिरवून माझं कौतुक करायचे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला पुसायचं काम एका तरुण शिपायाकडे आलं. त्यांच्या खांद्यावर कायम फडकं असायचं, म्हणून सगळे त्यांना फडकेकाका म्हणायचे. खरं आडनाव विचारलं तर त्यांना स्वतःलाच क्षणभर थांबावं लागे. पुसताना ते आपला उघडा हात मला लागू द्यायचे नाहीत. "बोटांचे ठसे उमटतात," म्हणायचे.

पंचावन्न वर्षं अशी गेली. मग रेल्वेचा नवा मार्ग आखला गेला आणि तो आमच्या शहराला वळसा घालून दूरच्या दुसऱ्या शहरातून गेला. व्यापारी तिकडे गेले. पाठोपाठ पेढ्या गेल्या, कचेऱ्या गेल्या. एके दिवशी माझ्याभोवती बसूनच सभासदांनी हात वर केले आणि राजधानी हलवायचं ठरवलं. त्या दिवशी डुलकी घेणारे सभासद जागे होते. हात वर न करणारे ते एकटेच.

महिनाभर सामान बाहेर जात होतं. कपाटं, घड्याळं, गालिचे, चाळीसच्या चाळीस खुर्च्या गेल्या. शेवटी हमालांचा मुकादम दोरी घेऊन आला. त्यानं मला मापलं, दार मापलं, जिन्याचं वळण मापलं आणि मान हलवली. "साहेब, हे जायचं नाही. कापून न्यावं लागेल."

हलवाहलवीवर देखरेख करणारे साहेब घाईत होते. "राहू दे. नंतर बघू," म्हणाले आणि जिना उतरले. फडकेकाकांच्या हातात त्यांनी दालनाची किल्ली ठेवली आणि सांगितलं, "टेबलावर लक्ष ठेव. कळवत राहा."

मित्रांनो, "नंतर बघू" हे शब्द आपण किती सहज बोलतो! फडकेकाकांनी त्या दोन शब्दांवर अकरा वर्षं काढली. दर महिन्याच्या एक तारखेला ते दालनात जमिनीवर बसून नव्या राजधानीला पत्र लिहायचे: "टेबल सुस्थितीत आहे. आपल्या येण्याची वाट पाहत आहे." उत्तर कधी आलं नाही. बाहेर एकेक दुकान बंद होत होतं. खालच्या रस्त्यावरची पावलं विरळ झाली. मला त्यांचा आवाज ओळखू यायचा, आणि एकेक आवाज कमी होत गेला. फडकेकाका मात्र रोज सकाळी येऊन मला पुसायचे. स्वच्छ होतो मी, चकचकीत होतो. पण माझ्यावर साधा कागदही कोणी ठेवत नव्हतं. नुसतं पुसलं जाणं म्हणजे काय, ते मला त्या अकरा वर्षांत कळलं.

फडकेकाकांची लेक शिवणकाम करायची. राजधानी होती तेव्हा गणवेश शिवणारे पन्नास कारागीर शहरात होते. आता मशीनवाल्या सात बायका उरल्या होत्या. सगळ्या तिला ताई म्हणत, वयानं मोठ्या असल्या तरी.

अकराव्या वर्षी नदीला पूर आला. आमचं शहर उंचावर, म्हणून वाचलं; पण खालच्या अंगाची गावं पाण्यात गेली आणि माणसं माळावर उघड्यावर आली. मदत पथकाचे डॉक्टर शहरात आले आणि ताईला म्हणाले, "कापड आमच्याकडे आहे. नऊ दिवसांत चाळीस तंबू शिवून द्याल?"

ताईनं होकार दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की एवढं लांब कापड बेतायला शहरात सपाट जागाच नाही. घरं लहान, अंगणात चिखल. ती तडक जिना चढून आली.

"बाबा, टेबल पाहिजे."

फडकेकाका पुसत होते, ते थांबले. "कशाला?"

"तंबूचं कापड कापायला."

"सरकारी टेबलावर कात्री? माझ्या हयातीत नाही!"

"बाबा, ते लोक परत येणार नाहीत. अकरा वर्षं झाली."

"मला सांगितलंय लक्ष ठेव म्हणून. उद्या विचारलं तर काय तोंड दाखवू?"

ताई जिना उतरून गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. सातही जणींनी घरातच जमिनीवर कापड बेतून पहिला तंबू शिवला होता. "उभा केला आणि पाय मुरगळल्यासारखा एका बाजूला कलला," ती म्हणाली. "त्याच्यात कोण झोपणार? डॉक्टरांचा चेहरा पाहवत नव्हता. माळावर तान्ही मुलं आहेत, बाबा."

फडकेकाकांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. माणूस कोरडा नव्हता, मित्रांनो. दिलेला शब्द त्यांना मोडता येत नव्हता, एवढंच. "परवानगी मागतो," ते म्हणाले. "तार करतो."

इतक्या वर्षांत त्यांनी नव्या राजधानीला फक्त खबर दिली होती. मागितलं काही नव्हतं. आणि नवल म्हणजे या वेळी दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. त्यांनी ते माझ्याजवळ उभं राहून मोठ्यानं वाचलं:

"अशा टेबलाची नोंद या कार्यालयात नाही. यापुढे पत्रव्यवहार करू नये."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खाली बसले आणि माझ्या एका पायाला पाठ टेकून बसून राहिले. त्यांच्या अंगाची ऊब मला पहिल्यांदाच जाणवली. मला वाटलं, आता हा माणूस उठायचा नाही. मलाही वाईट वाटत होतं. ज्यांचे बेत मी पाठीवर वाहिले, त्यांनी मला कागदावरूनही पुसून टाकलं होतं.

पण थोड्या वेळानं फडकेकाकांना हसू फुटलं. आधी बारीक, मग चांगलं खदखदून. "नोंदच नाही म्हणे! मग परवानगी तरी कोणाची घ्यायची?"

ते उठले आणि जिन्यातून हाक मारली, "ताई! कापड वर आण!" मुलीला त्यांनी त्या दिवसापर्यंत कधी ताई म्हटलं नव्हतं.

सातही जणी कापडाचे तागे घेऊन वर आल्या. ताईनं माझ्यावर कापड पसरलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री हातात घेऊन थबकली. "बाबा, ओरखडा पडेल हं."

"पडू दे," फडकेकाका म्हणाले. "तू काप. हे टोक मी धरतो." आणि त्यांनी आपला उघडा हात माझ्यावर दाबून ठेवला.

कात्रीचं पातं माझ्या पाठीवरून सरकत गेलं. एका वळणावर ते रुतलं आणि बोटभर ओरखडा पडला. दुखलं का? दुखलं. पण अकरा वर्षांनी कोणाला तरी माझी गरज लागली होती, त्या आनंदापुढे ते काहीच नव्हतं.

उरलेल्या पाच दिवसांत त्या बायकांनी पाठ टेकली नाही. मशीनं वर आणली. फडकेकाका कापड धरत, घड्या घालत आणि मधूनच ओरडत, "रेघ सरळ आहे का बघा! तिकडे माणसं राहायचीत!" नवव्या दिवशी संध्याकाळी चाळीस तंबू गाडीवर चढले. कललेला पहिला तंबूही उसवून सरळ केला होता. त्याच्यात म्हणे माळावरचं स्वयंपाकघर थाटलं.

सहा महिन्यांनी एक बाई जिना चढून आली. कडेवर मूल होतं. "आम्ही तुमच्या तंबूत राहिलो," ती म्हणाली. "एक थेंब आत आला नाही. कुठे शिवला ते बघायचं होतं." तिनं शिवणी पाहिल्या, मशीन पाहिलं आणि संकोचत विचारलं, "मला शिकवाल?" ती इथेच राहिली. या शहरातून जाणाऱ्यांची पावलं मी पुष्कळ ऐकली होती. राहायला आलेली ती पहिली. आता माझ्याभोवती एकवीस जणी काम करतात, आणि इथले तंबू मागवायला दुरून माणसं येतात. राजधानी काही परत आली नाही. तिची वाटही आता कोणी पाहत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी कुलूपबंद इमारत असेल, कोपऱ्यात सारलेली एखादी वस्तू असेल. तिची धूळ जरूर पुसा. पण पुसून पुन्हा कुलूप लावू नका. तिला काम द्या. थोडे ओरखडे पडतील, ते आम्हाला चालतात.

एवढं सांगून थांबणार होतो, पण गेल्या महिन्यातली एक गोष्ट राहिली. या दालनाच्या खिडक्या छताजवळ आहेत. आतलं बोलणं बाहेर कळू नये म्हणून मुद्दाम तशा ठेवल्या होत्या. शिवायला उजेड पुरेना, तेव्हा आमच्यातल्या एकीनं आपल्या गवंडी सासऱ्यांना बोलावलं आणि त्यांनी भिंत फोडून एक खिडकी पार खाली आणली. धुरळा बसला, ऊन आत आलं आणि मला रस्ता दिसला. समोर चप्पल शिवणारा होता, दप्तर फरफटत नेणारी मुलगी होती, दारात केस विंचरणारी म्हातारी होती. एक जण चक्क माझ्याकडे बघून जांभई देत होता.

पंचावन्न वर्षं माझ्यावर ज्याच्याबद्दल बोलणं झालं, ते शहर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बाबा, ऊन तोंडावर येतंय का? पडदा शिवू?" ताईनं विचारलं.

"नको," फडकेकाका म्हणाले. "बघू दे जरा."