‘वापरू नये’ नावाची फाइल

मित्रांनो, मी एक जुनी जार फाइल आहे. जार म्हटल्यावर काचेची बरणी डोळ्यांसमोर आणू नका. नेहमी लागणारी गणितं प्रोग्राम लिहिणारे लोक दरवेळी नव्याने लिहीत बसत नाहीत. ती एकदाच लिहून एका फाइलमध्ये बांधून ठेवतात. तसलं मी एक गाठोडं. एका रुग्णालयाच्या संगणक विभागात, टेबलाखाली घरघरणाऱ्या सर्व्हरवर मी राहते. रुग्णाचं वजन घ्यायचं आणि औषधाची मात्रा काढून द्यायची, एवढंच माझं काम.

मला घडवणारा प्रोग्रामर मोठा कष्टाळू आणि स्वभावाने गरीब. त्याने माझी शंभरदा परीक्षा घेतली. एक खोड मात्र राहून गेली. वजनातला दशांशचिन्हापुढचा आकडा मी टाकून देत असे. साठ-सत्तर किलोच्या माणसाला त्याने काय फरक पडणार? नऊ वर्षं मी बिनबोभाट राबले. “हिच्याकडे कधी बघावंच लागत नाही,” असं तो कौतुकाने सांगायचा, आणि मी फुशारून जायची. बघायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग रुग्णालयात तान्ह्या बाळांचा विभाग सुरू झाला. तिथे पाव किलोसुद्धा मोठी गोष्ट. प्रोग्रामरने दशांश पाळणारी नवी फाइल केली. स्वतःच्या संगणकावर, कोणत्या फाइली वापरायच्या त्या यादीतून माझं नाव काढलं, तिचं घातलं, दहा वेळा तपासलं. सगळं चोख. सर्व्हरवर मात्र मला पुसायला त्याचा हात धजेना. “असू दे, कधी अडलं तर,” म्हणत त्याने माझ्या नावाआधी ‘जुनी वापरू नये’ असं लिहिलं आणि मला नवीच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये राहू दिलं.

हा इशारा माणसांना कळतो, सर्व्हरला नाही. त्या फोल्डरमध्ये जेवढ्या जार फाइली असतील तेवढ्या तो उचलतो, आणि एकाच कामाच्या दोन सापडल्या तर आधी हाती लागेल तिला जुंपतो. आधी मी लागले.

पाचव्या दिवशी एक बाळ आलं. वजन एक पूर्णांक नऊ किलो, अंगात झटके. सिस्टरनी वजन बरोबर टाकलं. मी त्यातले नऊ गाळले. औषध जवळजवळ निम्मंच गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाळ दगावलं.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. संगणकाने छापून दिलेल्या मात्रेच्या चिठ्ठीवर वजन ‘एक’ होतं.

“सिस्टर, पुढचे नऊ टाकायचे राहिले असतील. गडबडीत होतं असं,” अधीक्षक बाई म्हणाल्या.

“नाही हो मॅडम. काट्याकडे बघत बघत टाकलंय मी. चिठ्ठीवर मात्र औषधच तेवढं वाचलं, ते माझं चुकलं.”

प्रोग्रामरने आपल्या संगणकावर एक पूर्णांक नऊ टाकून दाखवलं. उत्तर अचूक आलं. “प्रोग्राम तर बरोबर आहे, मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. दोन हातांवरच्या सर्व्हरवर तेच करून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फाइलला तोंड कुठलं?

सिस्टरची बावीस वर्षांची नोकरी गेली. तान्ह्यांची मात्रा यापुढे हाताने काढायची असा हुकूम निघाला, म्हणून माझ्या हातून दुसरं बाळ गेलं नाही. सिस्टर एकदा दाखला न्यायला आल्या होत्या. प्रोग्रामरने त्यांना पाणी दिलं.

“दादा, मला आता माझाच भरवसा वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “आमटीत मीठ घालताना दोनदा बघते. खरंच नसतील का टाकले मी?”



आज तीन वर्षांनी हा सर्व्हर मोडीत निघतो आहे. सकाळी प्रोग्रामर फोल्डर चाळत होता. माझ्या नावापाशी त्याचा हात थांबला. त्याने सर्व्हरवर एक पूर्णांक नऊ टाकून पाहिलं. चिठ्ठीवर वजन आलं, ‘एक’. पुन्हा टाकलं. पुन्हा ‘एक’. मग त्याने माझ्यावरची, नाव बदलल्याची तारीख पाहिली. ती बाळ येण्याच्या आधीची होती. तो डोकं धरून बसला.

“यातलं काही ठेवायचंय का रे?” मशीन न्यायला आलेल्या सहकाऱ्याने विचारलं.

“नाही,” तो मान वर न करता म्हणाला. “सगळं पुसून टाक.”

पुसायचं काम जेवणाच्या सुट्टीनंतर आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आमची निगा राखा’ अशी विनवणी करतात. मला निगा नको. मला पुसलं जाणार याचं दुःखही नाही, ते पुसणं तेव्हाच व्हायला हवं होतं. फक्त त्याआधी कुणीतरी माझ्यावरची तारीख कागदावर उतरवून घ्या, आणि सिस्टरच्या घरी जाऊन त्यांना सांगा, की नऊ त्यांनी टाकले होते.